काचेतलं पाठमोरं

१

लोणावळ्याच्या केशव सरांनी हयातभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि त्यातला निम्मा वेळ पोरांना ‘खाली मान घालून बसा’ म्हणण्यात घालवला. देव कुणाचे नवस ऐकतो न ऐकतो, पण पोरांचे तळतळाट मात्र नीट जपून ठेवतो. सर निवृत्त झाले, उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला, सोमाटणे फाट्याजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि ऑपरेशन करणारी डॉक्टर निघाली सरांचीच विद्यार्थिनी, अनुष्का.

तिनं औषध घालता घालता सांगितलं, “सर, आता आठ-दहा दिवस मान खाली. जेवताना खाली, झोपताना खाली. वर बघायचं नाही.”

“शिक्षा कशाची?”

“मी चित्रात बेडकाला पाच पाय काढले म्हणून तुम्ही मला अख्खा तास उभं केलं होतं. त्याची.”

बाजूला उभ्या असलेल्या रजनीताईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, इतकं हसू आलं की त्यांना पदर तोंडात धरावा लागला. मग अनुष्का हसायची थांबली आणि तिनं नीट समजावलं. डोळ्यातला जेलीसारखा गर काढून टाकलाय. त्याच्या जागी वायूचा फुगा भरलाय. फुग्याचा धर्म वर जाण्याचा. मान खाली असली की तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकतो आणि तिथला पडदा दाबून धरतो. खळ लावलेला कागद वाळेपर्यंत आपण तळहातानं धरतो तसा. माणूस उताणा झाला की फुगा पुढं येतो आणि पडदा सुटतो.

“आणि आता सुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही,” ती म्हणाली. “खंडाळ्याचा घाटही उतरायचा नाही. खाली उतरलं की फुगा आकसतो, परत वर चढलं की फुगतो.”

सरांचा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याच्या भरवशावर फार तर ताटातली भाजी आणि आमटी वेगळी ओळखता यायची. वाचणं, पेपरातल्या चुका काढणं, टीव्हीवरच्या तज्ज्ञांना मूर्ख म्हणणं, ही सगळी कामं उजव्याची. तो गेला तर सरांकडे नुसतं बोलणं उरणार होतं. रजनीताईंनी ते ऐकलं आणि काळजी दोघांच्या वाटणीची त्यांनी एकटीनंच घेतली.

२

पालथं झोपायला घरातला एकही पलंग कामाचा निघाला नाही. शेवटी भाजे गावची सरुबाई टेम्पोतून आपली नवारीची खाट घेऊन आली. सरुबाई म्हणजे रजनीताईंना दरवर्षी इंद्रायणी तांदूळ देणारी, आणि अडीनडीला येऊन चार दिवस घर सांभाळणारी बाई. तिनं उशाकडच्या नवारीच्या दोन पट्ट्या सैल करून सरांचं तोंड मावेल एवढी फट केली. सर त्यात तोंड घालून पडले. खाली शहाबादी फरशी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय.

भेटायला येणारे चिक्कीचे पुडे आणायचे आणि खाटेभोवती उभे राहायचे. दोन दिवसांत सर माणसं पायांवरून ओळखायला लागले. शेजारचे मुकुंदराव मोज्याला भोक पडूनही सगळ्यांना गुंतवणुकीचे सल्ले देतात, ही गोष्ट त्यांना तेव्हाच कळली.

पण सरांची खरी मजा वेगळीच. आलेल्या प्रत्येकाला ते फरशीकडे तोंड करून शिकवणी द्यायचे. एका दुपारी सरुबाई खाटेजवळ बसून तांदूळ निवडत होती, ती सापडली.

“सरुबाई, माझ्या डोळ्यातून काढलं ना, त्याला काचाभ म्हणतात. काचेसारखं दिसणारं, काच नव्हे. इंग्रजीत हायलॉइड. तो शब्द आला ग्रीकांकडून. काच ओतायला शिकायच्या आधी हायलॉस म्हणजे त्यांच्याकडे कुठलाही आरपार दगड.”

“आसंल बाई,” सरुबाई खडा टिपत म्हणाली.

“ऐका तर. हे ग्रीक लोक सांगायचे की लांब दक्षिणेत एक जमात आहे. त्यांच्यातलं माणूस मेलं की त्याला सुकवायचं, वरून जिवंत दिसेल असं रंगवायचं, आणि त्या आरपार दगडाच्या पोकळ खांबात उभं करायचं. वर्षभर घरात ठेवायचं. आलेल्या पिकातलं पहिलं त्याच्यापुढं ठेवायचं. मग गावाबाहेर नेऊन उभं करायचं.”

“नव्याचं पैलं आमी बी देवाला दावतो. मड्याला न्हाई दावत.” तांदूळ निवडणारा हात थांबला. “मास्तर, त्याचं तोंड कुनीकडं करीत? घराकडं का दाराकडं?”

हयातीत इतक्या वर्गांना त्यांनी हा शब्द शिकवला होता, पण हे कुणी विचारलं नव्हतं. “तसं काही नाही,” ते म्हणाले. “आरपारच दगड. चारी बाजूंनी दिसायचा.”

“मग त्याला बी चारी बाजूंनी दिसत आसंल,” सरुबाई म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

३

फुगा भरलेल्या डोळ्याला लांबचं काही दिसत नाही. दिसतो तो राखाडी, हेलकावणारा उजेड. ढवळलेल्या पाण्याखालून वर बघावं तसा. पण एक गंमत सरांच्या लक्षात आली. रजनीताई औषधाचा थेंब घालायला बाटली जवळ आणत, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी, बोटभर अंतरावर, बाटलीचं टोक लख्ख दिसे. त्यावरचा ओरखडासुद्धा.

त्यांनी फोन लावून अनुष्काला विचारलं.

“बरोबर आहे सर. आत वायू असताना डोळा फक्त अगदी चिकटलेलं पाहू शकतो. बोटभर अंतर. त्यापलीकडे सगळा धुरळा.”

मग काय, म्हाताऱ्याला खेळणं मिळालं. तांदळाचा दाणा आणा, मुंगी आणा, तिकिटाचा कागद आणा. सर एकेक वस्तू डोळ्याशी धरायचे आणि खुश व्हायचे. तांदळाच्या दाण्याला कड असते आणि त्या कडेला एक बारीक खाच असते, हे त्यांनी सगळ्या घराला दिवसभर सांगितलं. रजनीताई म्हणाल्या, “इतक्या वर्षांत माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नाहीत.”

“तू कधी बोटभर अंतरावर उभी राहिलीस?” सर म्हणाले, आणि रजनीताईंनी त्यांच्या पाठीत एक हलकी चापट ठेवून दिली.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी घर शांत होतं. रजनीताई आत पडल्या होत्या. वाटेवरून सहलीच्या पोरांची एक गाडी गाणी वाजवत गेली आणि आवाज विरला. सरांच्या हातात काहीच नव्हतं. दोन्ही हात खाटेखाली लोंबत होते. आणि तरी त्यांना काहीतरी लख्ख दिसत होतं.

४

आधी वाटलं, माशी. मग वाटलं, डोळ्यात तरंगणारे ठिपके असतात त्यातला एक. म्हातारपणी सगळ्यांना दिसतात, त्यात काय.

पण ठिपके तरंगतात ते त्या गरात. गर तर काढून टाकलेला.

सरांनी श्वास रोखून पाहिलं. राखाडी उजेडाच्या मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढं, एक डोकं होतं. पाठमोरं. खाली मान, त्याखाली खांदे, आणि खांदे जरा वाकलेले. गुडघे पोटाशी घेऊन बसल्यावर वाकतात तसे. केस होते. दोन्ही बाजूंना कान होते. बाई की बाप्या, लहान की मोठं, कळेना. सगळ्यात विचित्र होते ते कान. आपल्या कानामागं उजेड असला की पाळी लाल दिसते. या कानांतून उजेड तसाच पलीकडून अलीकडे येत होता. स्वच्छ, पाण्याच्या पेल्यातून यावा तसा.

सर घाबरले नाहीत. सर जीवशास्त्राचे. त्यांना आधी राग आला, कारण पुस्तकात नसलेलं काही समोर आलं की त्यांना राग यायचा.

त्यांनी डोळा मिटला. पापणीचा तांबूस अंधार झाला. त्या अंधारात ते डोकं होतंच. म्हणजे खोलीत नव्हतं, पापणीच्या आत होतं. त्यांनी डोळा झटकन डावीकडे फिरवला. ठिपका असता तर मागाहून घरंगळत आला असता. हे घरंगळलं नाही. बुबुळाबरोबर फिरलं, नाही, बुबुळाच्या किंचित आधी फिरलं.

ते त्यांना दाराच्या कडीनं पटवलं. सर निवांत पडले होते आणि ते डोकं एकाएकी उजवीकडे, दाराकडे वळलं. सरांना नवल वाटलं. मग कडी वाजली आणि सरुबाईचे जोडवी घातलेले पाय आत आले.

आधी ते बघत होतं. मग सरांना दिसत होतं.

५

सर दोन दिवस गप्प होते. घरात सगळ्यात आधी कुणाला धसका बसला असेल तर तो या गप्प बसण्याचा. रजनीताईंनी परस्पर अनुष्काला फोन केला आणि सरांच्या कानाला लावला.

“सर, फुग्याच्या कडेला उजेड चमकतो. त्यात कुणाला गणपती दिसतो, कुणाला सासू दिसते. गेल्या महिन्यात तळेगावच्या एका आजोबांना त्यांचा बैल दिसला.”

“बैलाचे कान आरपार होते का?”

“सर, तुम्ही झोपताय ना नीट?” आणि मग तिचा आवाज बदलला. “उताणे झाला नाहीत ना? कितीही वाटलं तरी व्हायचं नाही. फुगा आता निम्मा विरलाय, आणखी चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे. तो विरला की तुम्हाला असं बोटभर अंतरावरचं दिसणार नाही, पण लांबचं दिसायला लागेल. नेहमीसारखं.”

फोन ठेवल्यावर सरांच्या डोक्यात तेवढंच एक वाक्य राहिलं. फुगा विरला की ते दिसायचं बंद होणार. असणार, पण दिसणार नाही.

सरुबाई सरांच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं. रजनीताईंना सांगायचं धाडस झालं नव्हतं. बायकोपेक्षा तेल लावणाऱ्या माणसाला गुपित सांगणं सोपं जातं.

“त्या गराच्या मधोमध एक बारीक वाट असते, सरुबाई. मूल पोटात असताना त्या वाटेनं रक्ताची नळी जाते. जन्माच्या आत नळी विरते. वाट उरते, रिकामी.”

“रिकामं काय ऱ्हात न्हाई मास्तर. धान्याची कनगी रिकामी ठिवली की उंदीर ऱ्हातो.”

“पण गर काढला म्हणजे वाटही गेली. मग ते बसलंय कशावर?”

“तुमी त्याचं तोंड बगितलंय?”

“नाही. तेच तर बघायचंय.”

सरुबाईचे हात थांबले. “मग नगा बगू. आमच्यात पाठमोऱ्याला मागनं हाक मारत न्हाईत. दुपारच्या टायमाला बांधावर कुनी पाठमोरं बसल्यालं दिसलं तर लांबनं वळसा घालून म्होरं जायचं, तोंड बगायचं, मंग बोलायचं. मागनं हाक मारली की ते वळतं. आन् वळतं ते जिच्यासाठी बसलं व्हतं ती राखन सोडून वळतं.”

“कसली राखण?”

“ते त्याला ठावं. मला इचारून बसतंय व्हय?”

सर हसले. मावळात बांधावर पाठमोरं बसणारी माणसं नेमकं काय करत असतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांना हाक न मारण्याचं कारणही तेच असावं, असं ते म्हणाले. सरुबाईनं त्यांच्या पोटरीला जरा जास्तच जोरात तेल चोळलं.

६

फुगा रोज लहान होत गेला. आता उजेडाच्या मधोमध एक गोल उरला होता आणि त्या गोलात ते बसलेलं. कडा आत सरकत होत्या. एका सकाळी खांदे गेले. मग कानांच्या पाळ्या कडेला टेकल्या.

सरांना जेवण जाईना. आयुष्यभर त्यांनी वर्गात सांगितलं होतं की कुतूहल हीच शास्त्राची आई, आणि आता ती आई छातीवर बसली होती. एकच उपाय होता. उताणं व्हायचं. फुगा पुढं येईल, भिंगाला लागेल, आणि कदाचित ते समोरून दिसेल. एका क्षणापुरतं. त्यांनी कोपर टेकून कूस बदलायला सुरुवातही केली. तेवढ्यात रजनीताई आल्या आणि खाटेशेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी काही विचारलं नाही. नवारीच्या फटीतून हात घालून सरांच्या कपाळाला आधार दिला आणि तशाच बसून राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांच्या पाटलीवरची नक्षी सरांना लख्ख दिसली, आणि तिच्या अलीकडे, त्या हाताकडे किंचित झुकलेलं, ते डोकं.

ते रजनीकडे बघत होतं. ज्या नजरेनं सर आयुष्यभर तिच्याकडे बघत आले, ती नजर त्याची होती की काय, असा एक विचार आला आणि सरांनी तो हुसकून लावला.

सरांनी ठरवलं, उताणं व्हायचं नाही. डोळा घालवायचा नाही. रजनीला शब्द दिल्यासारखं त्यांनी स्वतःला बजावलं. पण माणसाची जात मोठी चलाख. एक दार लावलं की दुसऱ्याची कडी काढून बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोल एवढासा राहिला होता. त्यात नुसतं डोकं मावत होतं. रजनीताई स्वयंपाकघरात होत्या. सर पालथेच होते, डॉक्टरनं सांगितलं तसे, मान खाली, तोंड फटीत. आपण हलायचं नाही एवढंच तर ठरलं होतं. त्याला हलवू नये असं कुणी डॉक्टर म्हणाला नव्हता. आणि खिडकीबाहेर बघत बसलेल्यांना वळवायची विद्या सरांइतकी कुणाला येत होती?

“ए,” सर फरशीला म्हणाले. वर्गातला तोच आवाज, ज्यानं मागच्या बाकावरच्या पेंगणाऱ्यांच्या माना ताठ व्हायच्या. “बाहेर काय बघतोस? इकडं बघ.”

आतून रजनीताईंनी विचारलं, “कुणाला हो म्हणताय?”

ते वळायला लागलं.

सावकाश. ज्याला इतक्या वर्षांत कुणी हाक मारली नाही, ते वळेल तसं. आधी कान गेला. मग गालाची कड आली, आणि त्या कडेतून पलीकडचा उजेड आला. मग नाकाचा शेंडा. सरांना तो ओळखीचा वाटला. कुणाचा, हे जिभेवर आलं होतं. मग पापणीची कोर दिसली, ती उघडी होती, आणि सर स्वतःशी ‘अरे’ म्हणाले.

आणि उजवा डोळा संपला.

अंधार झाला नाही. अंधार झाला असता तर सर घाबरले असते, ओरडले असते. आपल्या डोक्याच्या मागं आपल्याला काय दिसतं? काळं दिसत नाही. पांढरं दिसत नाही. तिथं दिसणंच नसतं. तसं समोर झालं.

७

“सर, पडदा मस्त चिकटलाय,” अनुष्का म्हणाली.

सोमाटण्याचा तोच दवाखाना, तीच खोली, तीच हनुवटी टेकवायची पट्टी. तिनं उजेड टाकला, डोळ्याची बाहुली आकसली. उजेड काढला, बाहुली पसरली. फुगा विरला होता. त्याच्या जागी शरीरानं आपलं पाणी भरलं होतं. मशिनमधून निघालेली चित्रं तिनं दोनदा पाहिली, मग दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवली. त्यांनी डोक्याला तारा लावून डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो का तेही पाहिलं. जात होता.

“डोळा उत्तम आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले. “सगळं जागेवर आहे.”

“मग दिसत का नाही?” रजनीताईंनी विचारलं.

मोठ्या डॉक्टरांनी मनावर परिणाम, धक्का, काही दिवस जाऊ द्या, असं बरंच सांगितलं आणि ते गेले. अनुष्का पुन्हा यंत्रामागं बसली. या वेळी ती फार वेळ बघत राहिली. मग तिनं डोळा यंत्रावरून काढला आणि खुर्ची थोडी मागं घेतली.

“सर, तुम्ही समोर बघताय ना?”

“तुझ्याकडेच बघतोय.”

“हो,” ती म्हणाली. “पण यंत्रातून बघताना तुम्ही पाठमोरे बसल्यासारखं वाटतंय.” कागदावर दोन औषधं लिहून दिली. ती देताना तिनं सरांकडे पाहणं टाळलं, असं रजनीताईंना वाटलं. पण त्या वेळी त्यांना कशाकशाचं वाटत होतं, त्याला काही अंत नव्हता.

परतीच्या गाडीत दोघं मागं बसले. जुन्या हायवेवर कामशेत गेलं, भाताची कापलेली खाचरं मागं पडत होती. रजनीताईंनी सरांचा हात हातात घेतला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मी वाचून दाखवीन तुम्हाला. चुका काढायच्या तुम्ही.”

सरांना तिच्याकडे बघावंसं वाटलं. डाव्या डोळ्याला नुसती गुलाबी साडी आणि तिच्या वर एक फिकट डाग दिसला. म्हणून त्यांनी दोन्ही डोळे मिटले आणि तिचा चेहरा आठवला. लग्नातला नव्हे, परवाचाच. पाठीत चापट मारल्यावर हसला असेल तो. तो त्यांना पाठ होता.

चेहरा आला. पण पुरता आला नाही. एक गाल आला, कपाळाची कड आली. मधे एक डोकं होतं, पाठमोरं. सरांनी आठवणीतच मान जराशी तिरकी करून पाहिली. मधलं तेही तिरकं झालं, किंचित आधी.

“काय झालं?” रजनीताईंनी विचारलं. “कसला विचार करताय?”

“काही नाही,” सर हळूच म्हणाले. “बाजूला व्हायची वाट बघतोय.”